रूमवरचा ‘ड्राय डे’

गौरी-गणपतीसाठी गावाला निघालात? बॅग भरली, मेसवाल्या काकूंना सुट्टी सांगितली, चार्जरही आठवणीने घेतला. पण बाथरूममधल्या त्या भरलेल्या बादलीचं काय केलंत?

पुण्यात सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या कुणालाही विचारा, रूमवर सगळ्यात जास्त भांडणं कशावरून होतात? दहापैकी सात-आठ जण ‘पाणी’ म्हणतील. जुन्या इमारती, सकाळी ठरावीक वेळेला येणारा नळ, आणि एका बाथरूममागे सहा मुलं. मग नळ आला की हाताला लागेल ते भरून ठेवायचं. प्रत्येकाची एकेक बादली, कोपऱ्यातला निळा ड्रम, दोन कळश्या, शिवाय मागच्या बॅचचा कुणीतरी सोडून गेलेला एक टब. यातली तीन-चार भांडी रोज वापरली जातात. बाकीची ‘असू दे, लागलं तर’ म्हणून भरलेलीच राहतात.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाच्या मादीला नेमकी ही ‘असू दे’वाली बादलीच हवी असते. पाणी स्वच्छ, सावली आहे, आणि चार-सहा माणसं हाकेच्या अंतरावर झोपलेली. याहून चांगली रूम तिला पेठेत मिळायची नाही.

गेले दोन आठवडे या पानासाठी मी मुलामुलींच्या रूम्सवर टॉर्च घेऊन हिंडतेय. पहिले दोन दिवस आरोग्य विभागाच्या एका ताई सोबत होत्या. घरोघरी जाऊन पाण्याची भांडी तपासणं हेच त्यांचं काम. टॉर्चचा उजेड पाण्यावर सरळ न मारता तिरका मारायचा, हे त्यांनी शिकवलं. बादलीला धक्का लावायचा नाही, कारण पाणी हललं की अळ्या झटकन तळाला पळतात. पळाल्याच तर मिनिटभर गप्प उभं राहायचं. ‘वर येणारच गं, जातील कुठे? श्वास घ्यायला यावंच लागतं,’ ताई म्हणाल्या. आणि खरंच आल्या. भुऱ्या रंगाचे, वाकडेतिकडे होत वर सरकणारे बारीक दोरे. त्यांच्या शेपटीच्या टोकाला श्वासाची नळी असते. ती पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून त्या डोकं खाली करून लटकतात. त्यांच्यातच काही स्वल्पविरामासारखे दिसणारे जीव होते. ते कोष. म्हणजे अळीने चार वेळा कात टाकून झाली, आता दोनेक दिवसांत डास बाहेर.

अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंतचा हा सगळा प्रवास आपल्याकडच्या पावसाळी हवेत साधारण सात ते दहा दिवसांत उरकतो. आता हा आकडा कॅलेंडरवर ठेवून बघा. कोकणातली मुलं गणपतीला जातात, मराठवाड्यातली महालक्ष्म्यांना. लवकर निघालेला आणि विसर्जनाची मिरवणूक बघायला परत आलेला मुलगा हमखास आठ-दहा दिवस रूमवर नसतो. एरवी रोजच्या वापरात बादली उपसली जाते, विसळली जाते, त्यामुळे अळ्यांचा हिशेब अर्धवट राहतो. सुट्टीत मात्र कुणी हातच लावत नाही. तुम्ही गावाला उकडीचे मोदक नाहीतर पुरणपोळी हाणत असता, तेव्हा इकडे एक अख्खी पिढी वाढून तयार होते. दिवाळीच्या सुट्टीतही हेच होतं.

नवी पेठेतल्या एका रूमवर परभणी जिल्ह्यातला एक मुलगा भेटला. एमपीएससी करतोय. नाव छापू नका म्हणाला, कारण घरी सगळंच सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी महालक्ष्म्या उरकून तो परत आला, तेव्हा ड्रमचं झाकण उघडल्यावर चार-पाच डास तोंडावर आले होते. त्याने ड्रम ओतला, धुतला, विषय संपला. दहाएक दिवसांनी शेजारच्या रूममधला एक जण तापाने पडला. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी हा, आणि याच्याच रूममधले आणखी दोघं. प्लेटलेट्स खाली गेल्या, पाच दिवस ॲडमिट. वडिलांनी नुकतंच सोयाबीन विकलं होतं, त्यातले पैसे इकडे आले. ताप उतरला तरी महिनाभर अंगात बळ नव्हतं, सलग तासभर अभ्यासिकेत बसता येत नव्हतं. त्यातच पूर्व परीक्षा आली. पेपर दिला म्हणण्यापुरता दिला, आणि ते वर्ष गेलं.

‘ड्रमशी याचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. तो तर मी कधीच धुतला होता,’ तो म्हणाला.

मला वाटतं, सगळी गोम इथे आहे. डास जन्मला की लगेच डेंग्यू देत नाही. आधी तो आजारी माणसाला चावावा लागतो. मग त्याच्या पोटातला विषाणू वाढून लाळेपर्यंत पोचायला आठ ते बारा दिवस जातात. त्यानंतर तो ज्याला चावतो, त्याला ताप यायला आणखी चार ते दहा दिवस. म्हणजे बादली आणि सलाईन यांच्यात तीन-चार आठवड्यांचं अंतर पडतं. त्या मुलाला चावलेला डास त्याच ड्रममधला होता, हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. पण एडिस इजिप्ती लांब उडणारा डास नाही. बहुतेकदा त्याचं सगळं आयुष्य जन्मल्या जागेपासून शंभर-दोनशे मीटरच्या आत जातं. त्यामुळे तो आपल्याच इमारतीतला किंवा फार तर शेजारच्या वाड्यातला असणार, एवढं नक्की.

आणि तरीही रूमवर कुणाला विचारलं की बोट गटाराकडे जातं. ‘समोरचं चेंबर तुंबलंय, महापालिका काही करत नाही.’ चेंबर तुंबलेलं असतं हे खरंच आहे, आणि त्यात डासही असतात. पण ते मुख्यतः क्युलेक्स, म्हणजे रात्री कानाशी गुणगुणून झोपेचं खोबरं करणारे. हत्तीरोग पसरवतात तो हा डास. मलेरियाचा ॲनाफिलीस वेगळा. शहरात तो गच्चीवरच्या उघड्या टाक्यांमध्ये, विहिरींमध्ये आणि बांधकामांवर साचलेल्या पाण्यात सापडतो. एडिसची स्टाइलच निराळी. पायांवर पांढरे पट्टे, चावायची वेळ दिवसाची, त्यातही सकाळी आणि संध्याकाळ होण्याआधी. आवाज फारसा नाही, आणि टेबलाखाली घोट्याजवळ चावून पसार. अभ्यासिकेत पाय खाजवत बसणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

म्हणून गटाराची तक्रार जरूर करा, पण डेंग्यूच्या डासासाठी टॉर्च आपल्याच बाथरूममध्ये मारावी लागते. आम्ही बघितलेल्या ठिकाणांमध्ये अळ्या सापडल्या त्या जागा अशा: मनी प्लांटची काचेची बाटली (इन्स्टावर छान दिसते, पाणी महिनाभर बदललेलं नसतं), कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागच्या बाजूचा ट्रे, उन्हाळ्यापासून पाण्यासकट कोपऱ्यात उभा असलेला कूलर, आणि एका गॅलरीत पावसासाठी बांधलेल्या निळ्या ताडपत्रीला पडलेला खळगा. त्या ट्रेबद्दल तर फ्रिजच्या मालकालाच माहीत नव्हतं. डीफ्रॉस्ट झालेलं पाणी मागे एका ट्रेमध्ये जमतं हे त्याला त्या दिवशी कळलं. फार पाणी लागतही नाही. बाटलीचं बूच भरेल एवढं पुरतं.

आता अंड्यांबद्दल, कारण बहुतेक जण इथेच फसतात. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला ती एकेक करून चिकटवते. खसखशीच्या दाण्याहून बारीक, काळी. एका वेळी शंभरच्या आसपास अंडी, आणि तीही एकाच भांड्यात नाही. थोडी या बादलीत, थोडी त्या कुंडीत. त्यामुळे तुम्ही पाच भांडी साफ केलीत आणि सहावं विसरलात तरी तिचं काम होतं. त्याहून वाईट म्हणजे ही अंडी वाळली तरी मरत नाहीत. कोरड्या भांड्याला ती कित्येक महिने चिकटून राहतात. पुन्हा पाणी चढलं की फुटतात, आणि अळ्या तयार. उन्हाळ्यात कोरडा पडलेला कूलर पुढच्या वर्षी भरला की यातूनच ‘एवढे डास आले कुठून?’ हा प्रश्न निघतो. ब्राझील १९५८ मध्ये या डासापासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं होतं. काही वर्षांतच तो परत आला, आणि आज तिथे डेंग्यूची काय स्थिती आहे हे बातम्यांमध्ये दिसतंच. देशाची ही गत, तर आपला ड्रम एकदा धुऊन कसं भागेल?

तेव्हा नुसतं पाणी ओतणं पुरत नाही. भांडं आतून घासायचं. तारेची घासणी किंवा नारळाची शेंडी घ्या, आणि विशेषतः जिथे पाण्याची रेषा उमटलेली असते तो पट्टा रगडून काढा. मग भांडं उलटं घालून पूर्ण कोरडं होऊ द्या. आरोग्य खातं याला ‘कोरडा दिवस’ म्हणतं. आठवड्यातून एक दिवस घरातली पाण्याची सगळी भांडी रिकामी, घासलेली, कोरडी. सात दिवसांत एकदा, कारण डास तयार व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. इंग्रजीत हाच ‘ड्राय डे’. रूमवर हा शब्द काढला की आधी दोन मिनिटं हशा होतो, मग काम होतं. दिल्लीत २०१९ मध्ये सरकारने रविवारी सकाळी दहा वाजता दहा मिनिटं, सलग दहा आठवडे, अशी मोहीम काढली होती. आकडे लक्षात राहायला सोपे आहेत. फक्त रविवारी दहाला आपल्यापैकी किती जण उठलेले असतात हा भाग वेगळा.

पाणी ओतून द्यायला जीवावर येतं, हे मला प्रत्येक रूमवर ऐकायला मिळालं, आणि ते खोटं नाही. दोन दिवसांतून एकदा पुरेसं पाणी मिळणाऱ्याला ‘सगळं ओत’ सांगणं सोपं असतं. त्यावर ताईंचा उपाय घरगुती आहे. जुन्या सुती ओढणीची चार पदरी घडी करून पाणी त्यातून दुसऱ्या घासलेल्या बादलीत गाळून घ्यायचं. अळ्या कापडावर राहतात. कापड उन्हात टाकायचं, आणि मूळची बादली रगडायची. गाळलेलं पाणी कपडे धुवायला, लादी पुसायला बिनधास्त वापरा. अळ्यांचं पाणी ओतायचंच असेल तर कोरड्या मातीवर ओता. गटारात किंवा चेंबरमध्ये सोडलं तर त्यांना पुढेही पाणीच मिळतं. ड्रमला घट्ट झाकण नसेल तर वरून सुती कापड ताणून दोरीने बांधायचं. ताटली आडवी ठेवून उपयोग नाही, बोटभर फट मादीला पुरते.

जे भांडं रिकामं करताच येत नाही, त्याचं गणित वेगळं. वाड्यातला जुना हौद, बांधकामावरची टाकी, लिफ्टच्या खड्ड्यात साचलेलं पाणी. हौदात गप्पी मासे सोडतात. हे इवलेसे मासे अळ्या अक्षरशः वेचून खातात, आणि बऱ्याच सरकारी आरोग्य केंद्रांमधून ते मागितले तर मिळतात. मात्र नदीत, तळ्यात नेऊन सोडू नका. तिथल्या मूळच्या जीवांना ते त्रास देतात. काही ठिकाणी आरोग्य कर्मचारी टेमिफॉस हे औषध टाकतात. त्यांच्या बोलीत त्याला ‘अबेट’ म्हणतात, आणि त्याचं प्रमाण पाण्याच्या दहा लाख भागांना एक भाग इतकं कमी असतं. हे आपल्या हाताने आणून ओतायचं काम नाही. आणखी एक उपाय जिवाणूचा आहे. बीटीआय नावाचा हा जिवाणू १९७६ मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडला. अळीने तो खाल्ला की तिचं आतडं निकामी होतं, माणसाला काही होत नाही. पण अट अशी की तो खाल्ला गेला पाहिजे. कोष काहीच खात नाहीत, त्यामुळे कोषांवर त्याचा परिणाम होत नाही. एवढं सगळं औषधपाणी असूनही घासणीला सुट्टी नाही, ती यामुळे.

आणि तो धूर? फॉगिंगची गाडी आली की गल्लीत रील्स निघतात, काम झाल्यासारखं वाटतं. तो धूर फक्त त्या वेळी उडणाऱ्या डासांना मारतो. पाण्यातल्या अळीला त्याचा पत्ताही लागत नाही. एडिस तर तेव्हा पलंगाखाली, पडद्यामागे, कपाटाच्या फटीत बसलेला असतो, आणि आपण धूर नको म्हणून खिडक्या लावून घेतलेल्या असतात. रूमवर कुणाला ताप आला की पपईच्या पानांसाठी अख्खी पेठ पालथी घालणारी मित्रमंडळी मी बघितली आहेत. त्याच वेळी एकाने टॉर्च घेऊन बाथरूममध्ये जावं आणि पेशंटला दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपवावं. त्याला चावलेला डासच पुढे बाकीच्यांना चावणार असतो.

ही फक्त विद्यार्थ्यांची गोष्ट नाही. २०२४ च्या जूनमध्ये पुण्यात एरंडवणे भागात झिकाचे रुग्ण सापडले. त्याआधी २०२१ मध्ये राज्यातला पहिला झिका रुग्ण पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात मिळाला होता. झिकाही एडिसच पसरवतो, आणि गरोदर बाईला तो झाला तर बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. आपण ज्या मजल्यावर चार महिन्यांचे पाहुणे म्हणून राहतो, तिथेच कुणाचं तरी घर असतं.

घरात शिरून पाणी तपासण्यावरून होणारे वादही जुनेच आहेत. मुंबईत डॉ. बेंटली यांनी १९११ मध्ये मलेरियाचा अहवाल दिला, तेव्हा बोट घरोघरच्या विहिरींकडे गेलं होतं. चांगल्या, पिण्याच्या पाण्याच्या विहिरी, आणि त्यातच ॲनाफिलीस. त्या बुजवा किंवा झाका म्हटल्यावर मालक चिडले. काहींसाठी विहीर पूजेची होती. बऱ्याच विहिरी बुजवल्या गेल्या, काहींवर जाळी आणि झाकणं बसली. त्याच्याही आधी रोनाल्ड रॉसने ‘मॉस्किटो ब्रिगेड’ कशी उभारायची यावर एक छोटं पुस्तकच लिहिलं होतं. सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी शोधणारा तो हाच रॉस. त्या तारखेला आता जागतिक मच्छर दिन पाळतात. नोबेल मिळवणाऱ्या माणसाने सांगितलेलं काम काय, तर माणसं गोळा करा आणि घरोघरचे डबे, बाटल्या, फुटकी भांडी उचला.

आपल्याकडची ब्रिगेड अडते ती कुलुपाशी. ताईंची फेरी साधारण अकरा ते एक. तेव्हा मुलं अभ्यासिकेत, कॉलेजला किंवा क्लासला. एका इमारतीत आठ रूम्सपैकी पाचांना कुलूप होतं. ताई दाराशेजारी खडूने तारीख लिहितात आणि पुढे जातात. बंद दारामागच्या बादलीची नोंद कुठेच होत नाही. यावर सदाशिव पेठेतल्या एका मालक काकूंनी उपाय काढलाय. सुट्टीत किल्ली त्यांच्याकडे ठेवायची, आणि जिन्यात खास पेठी अक्षरात पाटी आहे: ‘गावी जाताना बादल्या उलट्या घालाव्यात. खोली आपणांस दिली आहे, डासांस नव्हे.’

त्याच जिन्यात, वरच्या मजल्यावरच्या मुलींनी दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. लाइट बिल, मेसचे पैसे, त्याखाली निघण्याच्या दिवशीची कामं. ड्रम आणि बादल्या घासून पालथ्या. मनी प्लांट बाटलीतून काढून मातीत. फ्रिज बंद करून मागचा ट्रे पुसायचा. कमोडचं झाकण लावायचं, कारण बंद घरात तेही साचलेलं पाणीच. गॅलरीतली ताडपत्री सोडून घडी. गच्चीवरच्या टाकीचं झाकण आणि ओव्हरफ्लोच्या पाइपवरची जाळी बघायला मालकांना मेसेज. एकीने खाली पेनाने जोडलंय, ‘मांडवाचे बांबू!’ विचारलं तर म्हणाली, गेल्या वर्षी मंडळाच्या उरलेल्या बांबूंचा ढीग मागच्या बोळात महिनाभर पडून होता. पोकळ टोकांत पाणी साचलं होतं, आणि ते उचलायचं काम कुणाचं यावर मंडळ आणि इमारत दोघंही गप्प होते.

शेवटी निघणाऱ्या मुलीने हे सगळं करून ग्रुपवर फोटो टाकायचा असं ठरलंय. यंदा शेवटी कोण निघणार, यावरून मात्र अजून भांडण चालू आहे. तिघींचीही तिकिटं एकाच दिवसाची आहेत.